आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी

भवानीनगरच्या पंचक्रोशीचे घड्याळ पूर्वी दोन गोष्टींवर चालायचे. एक कारखान्याचा भोंगा आणि दुसरा रेडिओ. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा भोंगा पाळी बदलली की वाजायचा, पण गळीत हंगाम संपला की त्याचा भरवसा नसे. रेडिओ मात्र बारमाही. सणसर, काझड, जाचकवस्ती, घोलपवाडी, कुरवली, कुठेही जा. सकाळी दारे धरायला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर फावडे आणि हातात ट्रान्झिस्टर असायचाच. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री-बेरात्री येते. अंधारात उसाच्या सरीत उभ्या असलेल्या गड्याला सोबत म्हणजे विंचवाची भीती आणि बांधावर ठेवलेला रेडिओ!

त्या रेडिओत कोण बोलत होते, हे तुम्ही कधी पाहिले होते का? नाहीच. पण आवाज ऐकला की नाव तोंडावर यायचे. पुणे केंद्रावरून सकाळच्या मराठी बातम्या वाचणाऱ्या सुधा नरवणे यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा आवाज घरातल्या थोरल्या बाईचा असावा असा, ठाम आणि बिनघाईचा. त्यांचे चिरंजीव जनरल मनोज नरवणे ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशाचे लष्करप्रमुख झाले, तेव्हा दिल्लीच्या वार्ताहरांना त्यांची पलटण आठवली, आपल्याकडच्या जुन्या माणसांनी विचारले, "आपल्या बातम्यांच्या नरवणेबाईंचा मुलगा का हो हा?" चेहरा कधी न दाखवता एवढी ओळख मिळवणे सोपे नसते.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ट्रान्झिस्टरची सुई जिथे वर्षानुवर्षे गंजून बसलेली असायची तो आकडा. रेडिओला तेव्हा परवाना लागे. पोस्टात पैसे भरून त्याच्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यावे लागे. १९८० च्या दशकात ती भानगड एकदाची गेली. त्यामुळे सुरुवातीला वाडीत एखादाच रेडिओ. ज्याच्या घरी तो असे, त्याच्या ओट्यावर संध्याकाळी चावडीच भरायची. १९५५ साली रामनवमीला 'गीतरामायण' सुरू झाले आणि ५६ गाण्यांचा तो क्रम पुणे केंद्राने आठवड्यामागून आठवडे चालवला, तेव्हा रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत. सेल महाग म्हणून बातम्या आणि बाजारभाव एवढेच ऐकायचे, आणि सेल मंदावले की उन्हात पत्र्यावर तापत ठेवायचे, हा उद्योग तुमच्यापैकी अनेकांनी केलेला असेल.

पण शेतकऱ्याचा आणि रेडिओतल्या माणसाचा संबंध करमणुकीपुरता नव्हता, आणि त्याची एक मोठी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे. ती आज फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९५६ सालची गोष्ट. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकरी रेडिओभोवती जमत, ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हा त्यांचा मंत्र. आपल्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम. फेब्रुवारी ते एप्रिल असे एकूण वीस कार्यक्रम झाले. ऐकून झाले की मंडळाने चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. केंद्राने त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून द्यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेचे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांचे ज्ञान चांगलेच वाढलेले दिसले. ज्या गावांत मंडळ नव्हते तिथे फारसा फरक पडलेला नव्हता. १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली.

यातली खरी मेख कुठे आहे, बघा. रेडिओतला माणूस एकटाच बोलत नव्हता, त्याला गावाचे ऐकून घ्यावे लागत होते. आपण विचारलेल्या प्रश्नाला आपल्या गावाचे नाव घेऊन पुण्याहून उत्तर येते म्हटल्यावर कोण कान देणार नाही? पुढे ही मंडळे थंडावली. कागदोपत्री संख्या वाढत गेली आणि ओट्यावरची बैठक मात्र मोडली. सरकारी योजनेचे असे का होते, हे आपण सगळे जाणतोच.

त्याच पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे पाहिले ते व्यंकटेश माडगूळकरांनी. 'बनगरवाडी'चे लेखक. माणदेशातला दुष्काळ पाहिलेला, मेंढरांची भाषा कळणारा माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमामागे बसलेला असला की फरक पडतो. एरवी रेडिओवरची खेडवळ भाषा म्हणजे काय असते? दोन नटांनी 'काय पाव्हणं, आवंदा पाऊसपानी कसं काय' असे गळा काढून म्हणायचे आणि तिसऱ्या शुद्ध बोलणाऱ्या साहेबाने त्यांना युरियाची मात्रा सांगायची! आपली बोली ही अडाण्याची आणि शहाणपण ते पुस्तकी भाषेत, असा हा हिशेब. कानाला तो कितीही सवयीचा झाला तरी मनाला टोचायचा. बातम्या, हवामान, औषधांची नावे प्रमाण भाषेत सांगायला कुणाची हरकत नाही. पण कुळवणी, खोडवा, पाचट, हुमणी हे शब्द ज्याच्या तोंडात सहज बसतात, त्याने सांगितलेले लवकर पटते.

आणि पटणे ही साधी गोष्ट नाही. तमिळनाडूत तंजावरच्या भागात १९६० च्या दशकाच्या अखेरीस एडीटी-२७ ही भाताची जात आली. तिची माहिती तिरुचिरापल्ली आकाशवाणीने इतकी घरोघर पोचवली, की शेतकऱ्यांनी तिचे नावच 'रेडिओ भात' ठेवले. बी कृषी खात्याचे, नाव मात्र रेडिओचे! उलटही होऊ शकते. मात्रा सांगताना 'मिली'च्या जागी 'लिटर' निघाले, की ऐकणाऱ्याचे आख्खे रान जळेल. छापलेली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते; हवेत गेलेला शब्द ज्याने ऐकला तो तेवढ्यावर फवारायला निघून गेलेला असतो. म्हणून शेतीच्या कार्यक्रमात आकडा दोनदा सांगण्याची पद्धत चांगली. ऐकणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते, पण वाटू द्यावी.

करमणुकीतल्या आवाजांची याद काढायची तर पान पुरणार नाही. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आपल्याच भावकीतल्या वाटायच्या. कुडतरकर २०२० साली गेले. क्रिकेटचे मराठी समालोचन बाळ ज. पंडितांनी रुजवले, चेंडू कुठे गेला हे उसात उभे राहून दिसायचे. रात्री रेडिओ सिलोनची खरखर कापत अमीन सायानींचा आवाज यायचा. 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्ये सुरू झाली आणि सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले. हिंदी धड न कळणारी माणसेही पहिले गाणे कुठले यावर चहाची पैज लावायची.

मग दूरदर्शन आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळू लागले. इंदापूर तालुक्यात चित्र दिसायचे तर घरावर उंच पाइप उभा करून अँटेना फिरवत बसावे लागे. एक पोरगा वर, एक दारात, 'आलं का?' 'आलं, आलं... गेलं!' एवढे करून दिसायचे काय, तर 'आमची माती, आमची माणसं'. पण तो कार्यक्रम लोक मनापासून बघत, कारण त्यात बोलणारा शेतकरी खराखुरा असे, घाबरलेला, टोपी सारखी करणारा, कॅमेऱ्याऐवजी भलतीकडेच बघणारा. बातम्यांना प्रदीप भिडे. आवाज खर्जातला, चेहरा शांत. अपघाताची बातमी असो की निवडणुकीची, ते कधी ओरडले नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले. आज कुठलीही वृत्तवाहिनी लावा, घर पेटल्यासारखे लोक बोलतात.

आता मुद्द्याचे. हे आवाज आपल्याला आयुष्यभर पुरले, पण त्यांच्या पोटाचे काय? आकाशवाणीवर उद्घोषक म्हणून जे ऐकू येतात त्यांतले पुष्कळ जण नोकरीत नसतात. ते नैमित्तिक. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मग 'वाणी' नावाचे प्रशिक्षण, एवढे सगळे पार केल्यावर हाती काय, तर महिन्याला सहा ड्युट्यांची मर्यादा! सहा दिवसांच्या पैशात कोणाचा प्रपंच होतो? म्हणजे ज्याला सगळा जिल्हा आवाजावरून ओळखतो, तो बाकीचे चोवीस दिवस शिकवण्या घेतो, दुकान सांभाळतो किंवा लग्नसमारंभात निवेदन करतो. आपल्याकडचा ऊसतोड मजूर निदान सहा महिने तरी सलग कामाला असतो.

केंद्रांचीही तीच तऱ्हा. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राच्या प्रादेशिक वृत्तविभागाचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय आला. पुण्याच्या बातम्या तिकडून द्यायच्या. ओरड झाली, लोकप्रतिनिधी बोलले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. कोणी म्हणेल, बातम्या कुठून का वाचेनात, कानाला काय फरक? फरक आहे. नीरा खोऱ्यातले आवर्तन, उजनीचा पाणीसाठा, साखर आयुक्तालयातला उसाच्या दराचा तिढा, हे पुण्यात बसलेल्याला विचारावे लागत नाही. आणि स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे कोर्टकचेरी केलेल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरीकडे एक बरी गोष्ट आपल्याजवळच घडली. देशातले पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र फेब्रुवारी २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झाले. २००६ च्या नोव्हेंबरात धोरण बदलले आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे यांनाही परवाने मिळू लागले. त्यानंतर बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' ९०.४ वर आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' ९०.८ वर ऐकू येऊ लागली. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' २००८ पासून. या रेडिओची ताकद लहान, मनोरा जास्तीत जास्त तीस मीटर, पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे बारामतीहून निघालेला आवाज काटेवाडी ओलांडून भवानीनगरच्या कमानीशी येईतो दमलेला असणार. वस्ती उंचावर असेल आणि रेडिओची काडी पुरी ओढलेली असेल तर पकडेल. खालच्या मळीत बसलात तर खरखर.

पण या केंद्रांवर बोलणारी पोरेपोरी कोण? तर आपल्याच गावच्या शाळेतून शिकलेली. कार्यक्रमांतला निम्मा भाग तरी स्थानिक असला पाहिजे असा नियमच आहे. स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना परवानगी नाही, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात. जाहिरातींची वेळ तासाला सात मिनिटे होती, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बारा केली आणि दहा सेकंदांचा दर ५२ रुपयांवरून ७४ वर नेला. वीजबिल आणि दोन माणसांचा पगार यातून निघायचा, म्हणून बहुतेक केंद्रे संस्थेच्या आधारानेच उभी राहतात. संस्थेचा हात निघाला की रेडिओ मुका.

या पोरींना आता जुना प्रश्न नव्याने पडतो. 'पानी' म्हणायचे का 'पाणी'? घरी, रानात 'पानी', आणि माइकपुढे बसले की जीभ अडखळते. शिकवणारे 'ण' आणि 'ळ' घोटून घेतात, ते योग्यच आहे. पुण्याच्या चाचणीत त्यावरच गुण जातात. पण वाहिनीवर शेजारच्या वस्तीवरची आजी बोलायला येते तेव्हा तिच्याशी 'आपण काय सांगू इच्छिता' असे बोलायला लागले, की आजी गप्प बसते. 'आजी, आवंदा ज्वारी कशी हाय' म्हटले की तिचा अर्धा तास कुठे जातो कळत नाही. हे दोन्ही ज्याला जमेल त्याचा आवाज टिकेल.

तुमच्या घरात असे कोणी असेल तर सांगून ठेवतो. आकाशवाणी उद्घोषकांसाठी जाहिरात देते तेव्हा वर्तमानपत्रात आणि केंद्राच्या फलकावर लावते. पदवी, वय आणि राहण्याचे ठिकाण यांच्या अटी त्यात असतात. तोवर रोज हा पेपर मोठ्याने वाचायला लावा, बाजारभावाच्या रकान्यासकट. आकडे न अडखळता वाचणे सर्वांत अवघड. आणि पिकाची नड असेल, रेडिओवर ऐकलेले नीट कळले नसेल, तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ पासूनचा, बिनपैशाचा. मराठीत विचारता येते. मात्रा दोनदा विचारून घ्या. तिकडचा माणूस कंटाळला तरी चालेल.

आषाढ वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण करून सणसरला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या गोल रिंगणाला जाते. त्या वाटेवर भवानीनगरला क्षणभर थांबा. वारकऱ्यांच्या पडशीत अजूनही एखादा ट्रान्झिस्टर निघतो. काडी मोडलेली, वर रबर गुंडाळलेले, आणि सुई ७९२ वरच.