विमानाच्या तासाचा भाव : उड्डाणशाळेचा देखभालखर्च वाजवी आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें ?

विहिरीवरील इंजिन, मळ्यांतील ठिबकच्या नळ्या, भाड्यानें आणलेला ट्रॅक्टर, ह्यांच्या खर्चाचा हिशेब खानदेशांतील शेतकऱ्यास कोणीं शिकवावा लागत नाहीं. ट्रॅक्टर किती तास चालला, तेल केव्हां बदललें, मिस्त्रीनें झिजलेला भाग काढून हातांत दिला कीं नुसतें बिल दिलें, हें तो बरोबर पाहतो. परंतु अलीकडे आपल्यांतील कांहीं घरांत एक निराळेंच बिल येऊं लागलें आहे, आणि तें पुढें आलें म्हणजे हाच चोखंदळ शेतकरी गप्प बसतो. हें बिल विमानाच्या तासाचें होय. “विमानाचा खर्च तो, त्यांत आपणांस काय कळणार?” असें म्हणून तो पैसे मोजतो. आमच्या मतें हें बरोबर नाहीं. विमानाचें बिल ट्रॅक्टरच्या बिलाहून मोठें असलें तरी त्याची जात निराळी नाहीं, आणि तें वाचतां येण्यासारखें आहे, हें दाखवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

खानदेशांत विमानविद्या ही आतां दूरची गोष्ट राहिलेली नाहीं. इ. स. १९२८ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबांत शिकून जे. आर. डी. टाटा ह्यांनीं १९२९ च्या फेब्रुवारींत वैमानिकाचा पहिला हिंदी परवाना मिळविला. त्याच क्लबाचें उड्डाणशिक्षण आज धुळ्याजवळील गोंदूरच्या धांवपट्टीवर चालतें. धुळें जिल्ह्यांतच शिरपूर येथील धांवपट्टीवरूनही शिकाऊ विमानें उडालीं आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणानें २०२१ सालीं उड्डाणशाळांसाठीं जे पांच विमानतळ निवडले, त्यांत बेळगांव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी ह्यांच्याबरोबर आपलें जळगांवही आहे. केळीच्या बागेवरून शिकाऊ विमान जातांना रोज पाहणाऱ्या मुलामुलींपैकीं एखाद्याच्या मनांत तें चालविण्याची इच्छा उत्पन्न व्हावी, हें स्वाभाविकच आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास निदान २०० तासांचें उड्डाण लागतें. तासाच्या भावांत १,००० रुपयांचा फरक पडला तर सबंध शिक्षणांत २ लाखांचा फरक पडतो. शेतकऱ्याच्या घरीं हा पैसा बहुधा कर्जांतून, आणि क्वचित् जमिनीच्या तुकड्याच्या विक्रींतून येतो. एकदां गेलेली जमीन परत येत नाहीं. म्हणून ह्या भावांत काय काय भरलें आहे हें विचारण्याचा त्यास अधिकार आहे, इतकेंच नव्हे तर तें त्याचें कर्तव्य आहे.

विमानाच्या तासाच्या खर्चाचे तीन भाग पडतात : जळतें तें, झिजतें तें, आणि वर्ष उलटलें कीं देणें होतें तें. हे तीन भाग एकमेकांपासून वेगळे केले म्हणजे निम्मा गोंधळ नाहींसा होतो.

पहिला भाग इंधनाचा. सेसना १७२ सारखें चार आसनांचें विमान तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन जाळतें. हें मोटारीचें पेट्रोल नव्हे. विमानाच्या पिस्टन इंजिनासाठीं तें निराळें तयार करावें लागतें. पूर्वीं तें परदेशांतूनच आणावें लागे. २०२२ सालीं इंडियन ऑइलनें तें आपल्या देशांत तयार करून बाजारांत आणलें. लिटरचा भाव व तासाचे लिटर ठाऊक असले कीं हा भाग कोणासही गुणाकारानें काढतां येतो. ह्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं.

दुसरा भाग झिजेचा. अशा विमानाचें तेल व गाळणी सुमारें दर ५० तासांनीं बदलतात, दर १०० तासांनीं त्याची उघडून तपासणी होते, आणि कांहीं भाग ठराविक तास भरले कीं चांगले दिसत असले तरी काढावेच लागतात. सर्वांत मोठा खर्च इंजिनाच्या संपूर्ण उकलीचा. सेसना १७२ च्या इंजिनास कारखान्यानें सांगितलेली मुदत २,००० तासांची आहे. परंतु तेवढे तास भरले नाहींत तरी १२ वर्षांनीं उकल करावी असेंही कारखाना सांगतो. येथेंच हिशेबाची किल्ली आहे.

समजण्यापुरतें असें धरूं कीं, ह्या उकलीस २४ लाख रुपये लागतात. विमान भरपूर उडालें व २,००० तास पुरे झाले, तर प्रत्येक तासावर १,२०० रुपये बाजूस ठेवावे लागतील. तेंच विमान वर्षाला १०० तासच उडालें तर १२ वर्षांत १,२०० तास होतील, आणि प्रत्येक तासावर २,००० रुपये पडतील. इंजिन तेंच, कारागीर तोच, तरी तासाचा भाव दीडपटीहून अधिक झाला.

तिसरा भाग वर्षाच्या देण्याचा. विमा, छपराखालील जागेचें भाडें, इंजिनीयरांचे पगार व कागदपत्रें हीं ह्यांत येतात. बैल औताला जुंपला काय किंवा दावणीला बांधून ठेवला काय, कडबा खातोच. तसें हें आहे. वर्षाचें हें देणें ६ लाख धरलें आणि विमान ८०० तास उडालें, तर तासावर ७५० रुपये पडतात. १५० तासच उडालें तर ४,००० रुपये पडतात. म्हणून उड्डाणशाळेंत गेल्यावर विचारावयाचा पहिला प्रश्न “भाव काय ?” हा नव्हे, “हें विमान गेल्या वर्षीं किती तास उडालें?” हा होय. ज्या शाळेचीं विमानें बहुतेक दिवस जमिनीवरच उभीं असतात, तिचा भाव चढा असल्यास तो लबाडीचा असेलच असें नाहीं. पण तिच्या आळसाचें भाडें आपण कां भरावें, हा प्रश्न मात्र उरतो.

आतां कागदपत्रांविषयीं. ह्या खर्चावर लोकांचा राग सर्वांत अधिक असतो, कारण कागद उडत नाहीं. विमानाच्या नोंदणीचा दाखला, उड्डाणयोग्यतेचा दाखला, त्या योग्यतेची वर्षाची फेरतपासणी, बिनतारी यंत्राचा परवाना, वजनाचा तक्ता, आणि विमान, इंजिन व पंखा ह्यांच्या नोंदवह्या, इतकें सर्व संभाळावें लागतें. हें सर्व विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनीं बांधलेलें आहे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर परवानाधारक इंजिनीयर आपल्या सहीनें विमान उड्डाणास मोकळें करतो, आणि त्या सहीची जबाबदारी त्याच्यावर राहते.

शेतकऱ्यास हें समजावयास अवघड नाहीं. सातबाराचा उतारा म्हणजे जमीन नव्हे, पण उताऱ्याशिवाय जमिनीचा व्यवहार होत नाहीं. प्रमाणित बियाणें व सुटें बियाणें डोळ्यांस सारखेंच दिसतें. फरक पिशवीवरील चिठ्ठींत असतो, आणि ती चिठ्ठी खोटी निघाली तर हंगाम जातो. विमानाचा बोल्टही तसाच. तो कोणत्या कारखान्याचा, कोणीं तपासला, ह्याचा दाखला त्याच्याबरोबर असतो, आणि किंमत पुष्कळशी त्या दाखल्याची असते. दाखल्यावांचून भाग स्वस्त मिळाला तर तो बसविण्याच्या लायकीचाच नव्हे. म्हणून कागदाचा खर्च हा वायफळ खर्च आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ज्या कागदासाठीं आपण पैसे देतों तो कागद प्रत्यक्ष असला पाहिजे, आणि दाखवितां आला पाहिजे. ज्या कामाची नोंद नोंदवहींत नाहीं, त्या कामाचा पैसा बिलांत नसावा. आणि जें बिलांत आहे, त्याची तारीख, तास व सही नोंदवहींत सांपडावी. वाजवीपणाची ह्याहून सोपी कसोटी आम्हांस माहीत नाहीं.

बिलांत गैर काय असूं शकतें, हेंही सांगणें अवश्य आहे. तासाच्या भावांत इंधन धरलें असतां तें पुन्हां वेगळें लावणें. “देखभाल व इतर” असें मोघम लिहून मोठा आंकडा टाकणें. आणि विमान बिघडून उभें असल्यानें मुलाचें उड्डाण लांबलें, तर त्या काळाचें वसतिगृहाचें भाडेंही मुलाकडूनच घेणें, हे प्रकार पत्करूं नयेत. कराविषयींही सावध असावें. महासंचालनालयानें मान्य केलेल्या उड्डाणशाळांच्या मान्य शिक्षणक्रमांवर जी. एस. टी. नाहीं, हें त्या कराच्या परिषदेनें सप्टेंबर २०२४ मध्यें स्पष्ट केलें आहे; तेव्हां असा कर बिलांत दिसला तर त्याचें कारण विचारावें. विमानदुरुस्तीवरील कर २०२० सालीं शेंकडा १८ वरून ५ वर आला, आयात होणाऱ्या सुट्या भागांवर जुलै २०२४ पासून सरसकट शेंकडा ५ कर ठरला, आणि २०२० च्या धोरणानें प्राधिकरणानें उड्डाणशाळांच्या उत्पन्नांतील आपला हिस्सा सोडला. ह्या सवलतींचा कांहीं अंश तरी तासाच्या भावांत उतरला काय, हें विचारणें गैर नाहीं.

परंतु ह्यावरून कोणीं असें समजूं नये कीं सर्वांत स्वस्त शाळा ती सर्वांत चांगली. १६ जुलै २०२१ रोजीं चोपडें तालुक्यांत वर्डी गांवाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शिकाऊ विमान पडून शिक्षक वैमानिक मरण पावले व शिकणारी मुलगी जखमी झाली. ह्या अपघाताचें कारण देखभालींत होतें असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु आपलें मूल कशांत बसतें ह्याची आठवण त्या दिवशीं खानदेशास झाली. ट्रॅक्टर वाटेंत बंद पडला तर उतरून पायीं येतां येतें. विमानांतून तसें येतां येत नाहीं. इतर शाळांच्या मानानें तासाचा भाव फारच कमी असेल, तर झिजेचा व कागदाचा पैसा कोठून येतो, असा प्रश्न अवश्य विचारावा. देखभालींत काटकसर करणाऱ्या शाळेंत विमान वारंवार उभें राहतें, दोन वर्षांचें शिक्षण तीन वर्षें चालतें, आणि वांचलेला पैसा व्याजांत जातो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वीं पुढील गोष्टी लेखी मागाव्या :

१. तासाच्या भावांत इंधन, देखभाल व विमा धरला आहे काय, आणि इंधनाचा भाव वाढल्यास वाढ कोणत्या हिशेबानें घेणार ?

२. शाळेचीं चालूं विमानें किती, शिकणारे किती, आणि गेल्या वर्षीं प्रत्येक विमान किती तास उडालें ?

३. इंजिनाची पुढील उकल किती तासांवर आली आहे, व त्या काळांत पर्यायी विमान आहे काय ?

४. पैसे एकदम न घेतां, उडालेल्या तासांप्रमाणें हप्त्यांनीं घेतां येतील काय ?

५. मुलानें मध्येंच शिक्षण सोडलें, किंवा शाळा बंद पडली, तर न उडालेल्या तासांचा पैसा किती दिवसांत परत मिळेल ?

जी शाळा ह्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास कांकूं करते, तिचा भाव कितीही गोड असला तरी तेथून परतावें. महासंचालनालयानें ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाणशाळांची वर्गवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आहे; तीही पाहावी, मात्र तेवढ्यावर विसंबूं नये.

हीच कसोटी आपल्या शेतावर येणाऱ्या फवारणीच्या ड्रोनलाही लागूं पडते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें त्यास नोंदणीचा क्रमांक लागतो, व असें यंत्र चालविणाऱ्यास प्रमाणपत्र लागतें. त्याची बॅटरी ठराविक वेळां भरली कीं निकामी होते; ती झीज एकरी दरांत येणारच. दर ठरवितांना जळतें काय, झिजतें काय आणि वर्षाचें देणें काय, हें वेगळें मांडून घ्यावें, म्हणजे फसगत होणार नाहीं.

एकट्या शेतकऱ्यानें हे प्रश्न विचारले तर त्यास अडाणी समजून वाटेस लावणें सोपें असतें. एकाच तालुक्यांतील चारपांच पालकांनीं मिळून जावें, बिलें एकमेकांस दाखवावींत, आणि नोंदवही वाचूं शकणारा एखादा जाणता मनुष्य बरोबर न्यावा. वाजवी खर्च देण्यास खानदेशचा शेतकरी कधीं मागें सरलेला नाहीं. तो वाजवी आहे हें दाखविण्याची जबाबदारी मात्र पैसे घेणाराची आहे.