सामायिक संगणक, खासगी फाईल : कूटलेखन आणि किल्लीचा प्रश्न

तमिळनाडूतील तंजावरच्या राजवाडा परिसरात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासून वाढत आलेल्या या संग्रहाला सरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी खरे वैभव मिळवून दिले. तमिळ, संस्कृत, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबरच भोसले दरबाराची मोडी लिपीतील कागदपत्रेही येथे मोठ्या प्रमाणावर आहेत. एकेकाळी राजघराण्याचा असलेला हा संग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. मात्र राजवाड्याच्या आवारातील कोणती वस्तू खासगी आणि कोणती राज्याची, हा प्रश्न त्याआधी सहा दशके न्यायालयात लढला गेला होता.

सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे यांचे १८५५ मध्ये निधन झाले. पुरुष वारस नसल्याने ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले आणि १८५६ मध्ये राजवाड्यातील मालमत्तेचा ताबा घेतला. राज्याच्या मालमत्तेबरोबर राजाची खासगी मालमत्ताही त्यात गेली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तेथील निर्णय त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ताबा घेण्याची कृती ही सार्वभौम सत्तेची 'राज्यकृती' असून तिची न्याय्यता तपासणे न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, असे कौन्सिलने ठरविले. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली, पण ती न्यायालयाने मान्य केलेला हक्क म्हणून नव्हे, तर सरकारच्या निर्णयाने.

एकाच छपराखाली खासगी आणि सामायिक वस्तू एकत्र असतील, तर त्यांमधील सीमा कोणी व केव्हा आखायची, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न आहे. घरातील सर्वजण वापरत असलेल्या संगणकाबाबत आज तोच प्रश्न लहान प्रमाणावर उभा राहतो. सीमा आधी आखलेली नसेल, तर ज्याच्या हाती ताबा त्याचाच निर्णय चालतो.

कुटुंब हे एकजिनसी एकक नाही

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के, तर शहरी भागात २३.४ टक्के होते. अशा परिस्थितीत जेथे संगणक आहे, तेथे तो बहुधा एकच असतो. वडिलांचे प्राप्तिकराचे विवरण, आईचा वैद्यकीय अहवाल, मुलीचे परीक्षेचे अर्ज व प्रमाणपत्रे आणि भावाची छायाचित्रे एकाच डिस्कवर साठविली जातात.

अर्थशास्त्रात दीर्घकाळ कुटुंब हे एकच निर्णय घेणारे एकक मानले गेले. अमर्त्य सेन यांनी ही धारणा अपुरी ठरविली. कुटुंबात सहकार्य असते तसा हितसंबंधांचा संघर्षही असतो, आणि वाटाघाटीत कोणाची बाजू किती बळकट यावर वाटप अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. माहितीलाही हे लागू पडते. स्वतःचे बँक खाते, नोकरीचा अर्ज, डॉक्टरांचा सल्ला किंवा घरात होणाऱ्या छळाचा पुरावा सुरक्षित ठेवता येतो की नाही, यावर विशेषतः स्त्रियांचे व तरुणांचे निर्णयस्वातंत्र्य अवलंबून असते.

सामायिक घरातील खासगी हक्क ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठी राज्यव्यवहारात 'खासगी' आणि 'दौलत' हे हिशेबाचे वेगळे विभाग असत. होळकर संस्थानातील खासगी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. स्त्रीधनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार (१९८५) या खटल्यात स्पष्ट केले, की सासरच्या घरात आल्याने स्त्रीधन सामायिक मालमत्ता होत नाही. फाईलच्या बाबतीतही हाच न्याय असावयास हवा.

पासवर्ड म्हणजे कूटलेखन नव्हे

संगणक सुरू करताना पासवर्ड द्यावा लागतो, म्हणून आतील फाईल सुरक्षित आहेत, हा सर्वसामान्य समज चुकीचा आहे. प्रवेशाचा पासवर्ड हा दारावरील पहारेकरी होय. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर पहारेकरी मागे राहतो आणि फाईल वाचता येतात. शिवाय ज्याच्याकडे व्यवस्थापकाचे म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत, तो इतरांच्या फोल्डरमध्येही शिरू शकतो. फाईलला 'लपविलेली' अशी खूण करणे किंवा तिचे नाव बदलणे, हे तर संरक्षण नव्हेच.

कूटलेखनात म्हणजे एन्क्रिप्शनमध्ये पहारा नसतो, मजकूरच बदललेला असतो. गणिती प्रक्रियेने मजकुराचे अर्थहीन अंकांत रूपांतर होते आणि योग्य किल्लीशिवाय तो पूर्ववत होत नाही. १८८३ मध्ये ऑगस्ट केरखॉफ्स यांनी मांडलेले तत्त्व येथे मूलभूत आहे : पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी चालेल, सुरक्षितता केवळ किल्लीच्या गुप्ततेवर आधारलेली असावी. एईएस ही प्रमाणित पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. बेल्जियमचे योआन डेमेन व व्हिन्सेंट रेमेन यांनी ती तयार केली, आणि अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने २००१ मध्ये ती खुलेपणाने प्रसिद्ध केली. तिची किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची असते. १२८ बिटांच्या किल्लीचे संभाव्य प्रकार सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतके आहेत.

व्यवहारात मात्र ही किल्ली माणसाने निवडलेल्या पासवर्डाने बंद केलेली असते. चार अंकी पासवर्डाचे केवळ १०,००० प्रकार होतात. जन्मतारीख, गावाचे नाव किंवा पाळीव प्राण्याचे नाव बाहेरच्यास कदाचित ठाऊक नसेल. घरच्यांना ते ठाऊक असतेच. म्हणून सामायिक संगणकासाठी परस्परांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा लांब पासवर्ड अधिक योग्य ठरतो.

संपूर्ण डिस्क की निवडक फाईल?

कूटलेखनाचे दोन स्तर आहेत आणि त्यांतील फरक लक्षात न घेतल्यास संरक्षणाचा केवळ आभास निर्माण होतो.

पहिला स्तर संपूर्ण डिस्कचा. विंडोजमधील बिटलॉकर, ॲपलचे फाईलव्हॉल्ट आणि लिनक्सवरील लक्स या सुविधा या प्रकारच्या आहेत. संगणक चोरीस गेला किंवा दुरुस्तीसाठी बाहेर गेला, तर त्या उपयोगी पडतात. परंतु संगणक एकदा सुरू झाला, की डिस्क उघडलेली असते. घरातील दुसरी व्यक्ती तोच संगणक वापरत असताना हे कूटलेखन तिला अडवीत नाही.

दुसरा स्तर निवडक फाईलचा. व्हेराक्रिप्टसारख्या मुक्त उपलब्ध सॉफ्टवेअरने एक कूटबद्ध पेटी तयार करता येते. स्वतःचा पासवर्ड दिल्यावरच ती उघडते. काम संपताच ती बंद करणे आवश्यक असते. उघडी ठेवून उठल्यास तिचा उपयोग राहत नाही. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत वापरकर्त्याच्या खात्याशी जोडलेली फाईल-कूटलेखनाची सोयही आहे. तथापि घरगुती आवृत्तीत ती नसते, आणि व्यवस्थापकाने खात्याचा पासवर्ड बळाने बदलल्यास खुद्द मालकालाही फाईल उघडता न येण्याचा धोका असतो.

सामायिक संगणकासाठी म्हणून तिहेरी व्यवस्था योग्य ठरते. प्रत्येकाचे स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते असावे. संपूर्ण डिस्क कूटबद्ध असावी. खासगी फाईलसाठी प्रत्येकाची वेगळी पेटी असावी. मूळ फाईल पेटीत हलविल्यानंतर तिच्या जुन्या प्रती कचरापेटीत, तात्पुरत्या फाईलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर राहिल्या नाहीत ना, हेही पाहावे लागते.

या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. ज्याच्याकडे व्यवस्थापकाचे अधिकार आहेत, तो कळपाटावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे सॉफ्टवेअर बसवू शकतो. तसे झाल्यास पासवर्डच त्याच्या हाती जातो. म्हणून जेथे व्यवस्थापक व्यक्तीवरच विश्वास नाही, तेथे अतिशय नाजूक माहिती त्या संगणकावर न ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

किल्ली हरवली तर

माहितीच्या सुरक्षिततेची तीन अंगे सांगितली जातात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. कूटलेखनाच्या उत्साहात तिसरे अंग बहुधा विसरले जाते. तंजावरच्या मोडी कागदपत्रांचा दाखला येथे उद्बोधक आहे. मोडी ही गुप्तलिपी नव्हती. कारकुनांना झरझर लिहिता यावे म्हणून ती वापरात होती. परंतु विसाव्या शतकात शिक्षणातून ती मागे पडली आणि वाचणारे विरळ झाले. कोणीही कुलूप न लावता तो मजकूर बहुसंख्यांना बंद झाला. मोडी पुन्हा शिकता तरी येते. एईएसची हरवलेली किल्ली मात्र पुन्हा मिळत नाही.

त्यामुळे कूटलेखनाबरोबरच किल्लीची व्यवस्था ठरविणे अपरिहार्य आहे. बिटलॉकरची पुनःप्राप्ती किल्ली ४८ अंकी असते. अनेकदा ती संगणकाशी जोडलेल्या ऑनलाइन खात्यात साठविली जाते, आणि ते खाते बहुधा कुटुंबप्रमुखाचे असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. व्यक्तिगत पेटीचा पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, संगणकापासून दूर आणि स्वतःच्या विश्वासातील व्यक्तीकडे ठेवणे हा साधा पण टिकाऊ उपाय आहे. पेटीची एक प्रत दुसऱ्या साधनावर ठेवावी, कारण डिस्क बिघडल्यास कूटलेखन फाईल वाचवीत नाही.

कायदा कोठपर्यंत येतो?

न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्याच्या हमीचा तो अंगभूत भाग मानला गेला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या विदा-प्रक्रियेस हा अधिनियम लागू होत नाही. कंपन्या व शासन यांच्यावर बंधने घालणारा हा कायदा घराच्या उंबरठ्यावर थांबतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार विनापरवानगी संगणकात प्रवेश करणे दंडनीय ठरू शकते. मात्र तेथे विचार होतो तो संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीचा. घरातील संगणक वडिलांच्या नावावर आणि फाईल मुलीची असेल, तर कायद्याचा आधार अपुरा पडण्याची शक्यता राहते. दुसरीकडे, कलम ६९ नुसार देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी शासन कूटबद्ध माहिती उलगडण्याचे निर्देश देऊ शकते, आणि सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कूटलेखनाच्या पद्धती विहित करण्याचा अधिकार कलम ८४ अ शासनास देते. त्यानुसार सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. टीकेनंतर तो मागे घेण्यात आला.

समारोप

कामाक्षीबाईंच्या प्रकरणात खासगी व राज्याची मालमत्ता यांतील भेद मांडला गेला, तो ताबा गेल्यानंतर. आणि तो मान्य करायचा की नाही हे ताबा घेणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. सामायिक संगणकावर ही सीमा आधीच आखण्याचे साधन आज सामान्य नागरिकाच्या हाती आहे आणि त्यास फारसा खर्चही येत नाही. खर्च आहे तो शिस्तीचा : स्वतंत्र खाते, स्वतःची किल्ली आणि त्या किल्लीची जपणूक. कुटुंबाने ही व्यवस्था परस्परांवरील अविश्वासाची खूण न मानता प्रत्येक सदस्याच्या हक्काची नोंद मानली, तर खासगीपणाचा मूलभूत हक्क न्यायालयाच्या निर्णयातून घराच्या दैनंदिन व्यवहारात उतरेल.