सात हजारांची पुंजी आणि थेंबाचा व्यापार

‘नोकरी लागली का?’ हे आपल्या घराघरांत विचारले जाते. ‘धंदा कोणता काढलास?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. नोकरीने आपल्याला उभे केले, यात शंका नाही. पण सरकारी जागा आटत चालल्या आहेत, आणि म्हणून मुलामुलींपुढे धंद्याची एखादी खरी हकिगत ठेवावी, असे आम्हांला वाटले. जळगावच्या जैन कुटुंबाच्या उद्योगाची ही हकिगत. तीत घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि विचारण्यासारखेही.

भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली, जामनेर तालुक्यातील वाकोद या गावी. पूर्वज राजस्थानातून पोटासाठी आलेले. भवरलालजी मुंबईत वाणिज्य आणि कायदा शिकले. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी हाताशी आली होती, ती त्यांनी घेतली नाही. त्यात आईच्या सल्ल्याचा मोठा वाटा होता. १९६३ साली घरच्या बचतीचे सात हजार रुपये घेऊन त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे खते, बियाणे, औषधे, ट्रॅक्टर, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी आल्या.

येथे क्षणभर थांबू. सात हजार म्हणजे काही हातगाडीवाल्याची पुंजी नव्हे. त्या काळी ती बरी रक्कम होती. तिच्यापेक्षाही मोठी पुंजी होती ती व्यापारी समाजातल्या ओळखीपाळखीची. त्याच साली आपल्या वस्तीतला एखादा तरुण तेवढेच रुपये घेऊन बाजारपेठेत गेला असता, तर त्याला उधारीवर माल कोणी दिला असता? भवरलालजींचे कष्ट याने कमी होत नाहीत. पण ‘जिद्द असली की सगळे होते’ एवढेच सांगून मुलांना धंद्यात ढकलणे बरे नव्हे.

१९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला. केळीची भुकटी चालली नाही, तेव्हा तेथे पपेन काढू लागले. कच्च्या पपईला चिरा पाडून जो चीक गळतो, त्यापासून पपेन होते, आणि त्याला परदेशात मागणी होती. चीक शेतकऱ्यांकडूनच येई. १९८० साली पीव्हीसी पाइप आले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक.

ठिबकची कल्पना जैनांची नव्हे. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकातच तिचा व्यापार सुरू झाला होता. पाटाने पाणी सोडले की ओळींमधली रिकामी जमीनही भिजते, तणच माजते. ठिबकमध्ये विहिरीचे पाणी आधी गाळणीतून जाते, मग मुख्य पाइपातून बारीक नळ्यांत, आणि नळीवरच्या तोटीतून थेंबाथेंबाने झाडाच्या मुळाशी पडते. विद्राव्य खतही त्याच वाटेने देता येते. जैनांनी ही वस्तू आपल्याकडच्या लहान शेताच्या मापात बसवली आणि गावोगाव विक्रेते नेमले. शेतात फिरून समजावून सांगणारी माणसे ठेवली, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

मग चक्र पुरे झाले. केळीचे पीक मुनव्यांवर घेतले की घड हाती यायला दीड वर्ष लागे; ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक यांच्या जोडीने ते साधारण अकरा-बारा महिन्यांवर आले. रोप जैनांचे, नळी जैनांची. आंब्याचा गर आणि वाळवलेला पांढरा कांदा करणारा कारखानाही जैनांचाच, आणि त्या कांद्यासाठी शेतकऱ्यांशी आधी किमान भाव ठरवून करार. शेतकरी हाच गिऱ्हाईक आणि हाच पुरवठादार. अनेक धंदे, पण सगळ्यांचा धागा एक.

धागा सुटला तेव्हा काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकात शेतीशी संबंध नसलेल्या वित्त वगैरे क्षेत्रांत उद्योग शिरला आणि पैसा बुडाला. भवरलालजींनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. असे धैर्य दाखवणारे मालक थोडे! पुन्हा शेतीकडे वळून घडी बसवली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१६ साली ते वारले. कारभार चार मुलांकडे आला. परंतु विस्तारासाठी काढलेले कर्ज आणि सरकारांकडे अडकलेली अनुदानाची येणी यांनी उद्योगाला पुन्हा घेरले. २०१९ साली कर्जाचे हप्ते थकले. २०२२ साली कर्जाची फेररचना झाली, आणि २०२३ साली परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून भार हलका करण्यात आला.

आता आपला प्रश्न. या चक्रात शिरायचे तर पाणी हवे, आणि पाण्याआधी जमीन. डॉ. बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात मांडले होते, की शेत परवडते की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही. त्यात भांडवल आणि अवजारे किती, यावर ठरते. ठिबक म्हणजे दोन एकरात ओतलेले भांडवलच. पण ज्यांच्याकडे दोन एकरही नाहीत, त्यांना या चक्रात जागा मिळते ती रोजंदारीचीच. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ पासून योजना आहे, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची. अडचण एवढीच, की सरकारला विकायला जमीन पुढे करणारे थोडे, आणि पुढे येते ती बहुधा खडकाळ.

ज्यांची थोडी जमीन आहे, त्यांनी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेची पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी. २०१७ पासूनच्या या योजनेत नवी विहीर, जुनीची दुरुस्ती, पंप, वीजजोडणी आणि ठिबक यांना अनुदान आहे. नव्या विहिरीला किमान एक एकर लागते, इतर बाबींना त्याच्या निम्मी चालते. जातीचा दाखला आणि सातबारा आधी तपासून ठेवावा; वडिलांच्या नावावरचा उतारा चार भावांत अडकलेला असला, तर अर्ज तेथेच खोळंबतो.

आणि संच बसवला की काम संपले, असे समजू नये. गाळणी वेळच्या वेळी धुवावी, नळ्यांची शेवटची टोके उघडून साचलेला गाळ सोडून द्यावा. पाण्यात क्षार असले तर तोट्या बुजतात, उंदीर-खारी नळ्या कुरतडतात. हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते. तेव्हा विक्रेता माहिती द्यायला येईल त्या दिवशी घरधन्याबरोबर तिलाही बांधावर बोलवावे.