पन्नास रुपयांचा वाघ

पितळेची वाटी प्रेसखाली घालायची, दाबून लांबवायची, कडक झाली की भट्टीत तापवून नरम करायची आणि पुन्हा दाबायची. काडतुसाची केस अशी घडते, हे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1964 साली इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि घरटी एकाच्या तरी तोंडी डाय, पंच, अ‍ॅनीलिंग हे शब्द बसले. टांकसाळीची भाषाही हीच आहे. फरक एवढाच, की काडतुसात धातूला खोल उतरवायचं असतं आणि नाण्यात त्याला डायमधल्या बारीक खाचांत चढवायचं असतं. चढायला जागा थोडी, आणि तीही दोन्ही बाजूंना वाटून द्यावी लागते. नाण्याच्या डिझाइनची सगळी भांडणं इथून सुरू होतात.

9 एप्रिल 2023 रोजी म्हैसूरमध्ये पंतप्रधानांनी व्याघ्र प्रकल्पाच्या पन्नाशीनिमित्त 50 रुपयांचं स्मारक नाणं प्रकाशित केलं. 1973 साली प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातलं एकच होतं, मेळघाट. तिथून पश्चिमेला जंगलाचे तुकडे पकडत वाघ आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात पोचतो. वढोदा, डोलारखेडा ही नावं खानदेशात वाघामुळेच माहीत झाली. 2014 मध्ये या पट्ट्याला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. इथल्या वाघाचं वेगळेपण असं, की तो सागाच्या जंगलाइतकाच केळीच्या बागेतही वावरतो. बाग दाट, थंड, ओली. उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर पारा गेला की त्याला आणखी काय हवं?

असा वाघ नाण्यावर आणायचा म्हणजे पहिली अडचण सिंहाची. भारतीय स्मारक नाण्याच्या पुढच्या बाजूवर अशोकस्तंभाचं शीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’, डावीकडे ‘भारत’, उजवीकडे इंग्रजीत देशाचं नाव आणि खाली मूल्य, ही मांडणी ठरलेली असते. तिथे कलावंताला हात लावता येत नाही. म्हणजे वाघाला मागची बाजू. सिंह पुढे आणि वाघ मागे हा मान-अपमानाचा प्रश्न नाही, पण धातूचा नक्की आहे. ठोकताना चकतीतला धातू दोन्हीकडे वाहतो. पुढच्या बाजूला मध्यभागी सिंहांचा उठाव आणि नेमका त्याच्या पाठीमागे वाघाचा मुखवटा असा डोंगर उभा केला, तर धातू कुठे तरी कमी पडतो आणि आकृतीचा सर्वांत उंच भाग बोथट उठतो. दाब वाढवावा तर डाय चिरतो. कलावंताला कागदावर न दिसणारा हा हिशेब आधी करावा लागतो.

दुसरी अडचण पट्ट्यांची. वाघाचा पट्टा म्हणजे काळा रंग. नाण्याला रंग नाही. पट्टे खोदले तर जखमांसारखे दिसतात, उचलले तर बरगड्यांसारखे. मोकळा भाग आरशासारखा घासून आकृती भुरकट ठेवायची, ही प्रूफ नाण्यांची युक्ती थोडी मदत करते. असं नाणं एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात. पण रेषांची संख्या कमी करणं हाच खरा उपाय. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, कॅमेरा ट्रॅपमध्ये त्यावरूनच तो ओळखतात. नाण्यावरचा वाघ मात्र कुणीच नसतो.

या कसोटीवर मला आपलं सर्वांत यशस्वी प्राणी-नाणं वेगळंच वाटतं: 1988 पासूनचे पोलादी चार आणे. व्यास 19 मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आत, आणि वर एकशिंगी गेंडा. त्याच्या कातडीच्या घड्या निसर्गानेच जणू डाय कापणाऱ्यासाठी घालून ठेवल्या आहेत. तो गेंडा स्मारक नव्हता. पानटपरीवर, एसटीत, देवळाच्या पेटीत फिरला. 30 जून 2011 पासून तो चलनातून गेला. उलट आजची स्मारक नाणी चलनासाठी नसतातच. 44 मिलिमीटर व्यास, 35 ग्रॅम वजन, निम्मी चांदी, 40 टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त, कडेला 200 दाते: हे बरीच वर्षं त्यांचं नेहमीचं माप होतं. डबीत येतात, दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किमतीला विकली जातात आणि डबीतच राहतात.

मुंबईची टांकसाळ 1829 पासूनची, फोर्टात, टाउन हॉलच्या शेजारी. तिच्या नेहमीच्या नाण्यांवर वर्षाखाली हिऱ्याची खूण असते. जुन्या पद्धतीत कलावंत प्लास्टरचं मोठं मॉडेल करायचा. रिड्यूसिंग मशीनची एक सुई त्यावरून फिरायची आणि दुसऱ्या टोकाचं कटर तोच आकार लहान करून पोलादावर कोरायचं. त्यावरून मास्टर पंच, पंचावरून डाय. आज स्क्रीनवर आकृती फिरवता येते, कोरीव काम संगणक करतो. सोय झाली, पण मोठं करून पाहण्याच्या सवयीनं तपशील वाढतात, आणि हातात आल्यावर ते दिसत नाहीत.

खानदेशच्या निसर्गाचं नाणं काढायचं ठरलं, तर समितीत काय होईल याचा अंदाज येतो. सातपुडा हवा, तापी हवी, हतनूरच्या जलाशयावरचे हिवाळी पाहुणे पक्षी हवेत, वाघ हवा, आणि 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या केळीशिवाय तर जळगावकर बैठकीतून उठणार नाहीत. हे सगळं 44 मिलिमीटरमध्ये घातलं की कॅलेंडर होतं. मी केळीचं एकच पान घेईन, कडेपासून कडेपर्यंत तिरकं. मधला दांडा उठावदार, पण सिंहांच्या बरोबर मागे येणार नाही असा बाजूला सरकवलेला. शिरा समांतर आणि उथळ. पान एका ठिकाणी वाऱ्यानं फाटलेलं. वाघ दाखवायचाच असेल तर त्या फटीतून दिसतील एवढेच दोन-तीन पट्टे, शिरांच्या उलट दिशेने गेलेले. समितीतलं कुणीतरी नक्की विचारेल, वाघ कुठाय? डोलारखेड्याच्या शेतकऱ्यालाही बागेत पाणी द्यायला जाताना नेमका हाच प्रश्न असतो.