सुरतेत आजारी पडलं तर: कार्ड कोणतं, चालतं कुठं?

लोणखेड्यात बसून परमुलखातल्या दवाखान्याबद्दल बोलायचं म्हटलं, की काहींना अमेरिका, जर्मनी आठवेल. तिकडे गेलेली मुलं आपल्याकडेही आहेतच. पण आपल्या भागाचा खरा परमुलूख म्हणजे गुजरात. नंदुरबारहून ताप्ती लाइनची गाडी पकडली की सुरत. कुणी लूमवर, कुणी बांधकामावर. आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोली, महुवा, गणदेवीकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तर सहा-सहा महिने तिथंच असतात. भाषा थोडीफार समजते, माणसं ओळखीची असतात, म्हणून तो परमुलूख वाटत नाही. आजारी पडलो की मग वाटतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आमचा भाचा सुरतेत कामाला. रात्री पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं. खासगी दवाखान्यात नेलं, खिशात आयुष्मान कार्ड होतं. काउंटरवरच्या माणसानं कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाला, "ये महाराष्ट्र का है, यहां नहीं चलेगा." झालं. ताईनं इकडून फोनाफोनी केली, चाळीस हजार उसने घेऊन पाठवले. पोरगा बरा झाला. महिन्याभरानं आम्ही शांतपणे चौकशी केली, तेव्हा कळलं की दवाखाना योजनेत होता आणि कार्डही चालणारं होतं. पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

असं का होतं, ते समजून घेऊ या. आपल्याकडे दोन योजना एकमेकींत मिसळल्या आहेत. एक राज्याची. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. दुसरी केंद्राची, प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजे आपण जिला आयुष्मान म्हणतो, ती सप्टेंबर 2018 ची. 1 एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात. पुढं 2023 मध्ये राज्यानं ठरवलं की पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घ्यायचं आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचं. निर्णय चांगलाच. पण गावात त्याचा अर्थ असा झाला, की "सगळ्यांना पाच लाख, सगळीकडे."

तसं नाही. केंद्राच्या यादीत ज्या कुटुंबाचं नाव आहे, त्याला देशात कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात उपचार मिळतात. याला पोर्टेबिलिटी म्हणतात. जे फक्त राज्याच्या योजनेत आहेत, त्यांचं सुरतेत चालेल असं धरून निघू नका. एकाच गल्लीत शेजारी-शेजारी अशी दोन घरं असतात, आणि "त्याचं झालं, माझं का नाही?" म्हणून भांडण आरोग्यमित्राशी होतं.

म्हणून गाव सोडण्याआधीच बघून घ्यायचं. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा सेवा केंद्रावर नाव आहे का, ई-केवायसी झाली आहे का, आधारवरचं आणि रेशनकार्डवरचं नाव जुळतं का. सून लग्न होऊन आली, बाळ जन्मलं, आणि रेशनकार्डात नाव चढवलंच नाही, ही अडचण फार घरांत असते. आणखी एक. धान्यासाठी म्हणून तिकडचं रेशनकार्ड काढायच्या भानगडीत पडू नका. एक देश एक रेशनकार्डमुळे इथल्याच कार्डावर तिथं धान्य मिळतं.

दवाखान्यात गेल्यावर काउंटरवर वाद घालण्यात वेळ जातो. आयुष्मानचा माणूस कुठं बसतो ते विचारा. नाव शोधताना राज्य महाराष्ट्र निवडायला सांगा. गुजरातच्या यादीत तुमचं नाव सापडणार कसं? तरी नाही म्हणाले तर तिथूनच 14555 ला फोन लावा. हे सगळं पैसे भरायच्या आधी. कारण ही योजना कॅशलेस आहे; आधी भरा, मग बिलं लावून परत मागा, असा तिचा कारभार नाही. भाचा फसला तो इथंच. काहीच जमलं नाही तर सरकारी दवाखाना गाठा. आणि लक्षात असू द्या, भरती झालं तरच योजना लागू होते. नुसत्या ओपीडीच्या तपासणीला नाही.

कारखान्यात पगारावर असाल तर वेगळंच कार्ड असतं, ईएसआयसीचं. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर ते लागू होतं. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो. कापतात का, आणि नंबर दिला का, एवढं मालकाला विचारायला लाजू नका.

आपल्या जिल्ह्याच्या माणसाला एक गोष्ट जास्तीची सांगावी लागते. सिकलसेल. तपासणीचा कागद ट्रंकेत ठेवून मजूर ऊसतोडीला जातो, तिथं हातापायांत असह्य कळा येतात, आणि तिथल्या डॉक्टरला कारण माहीत नसतं. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि मुकादमाच्या मोबाइलमध्येही.

राहिलं परदेशाचं. तिथं आपली ही दोन्ही कार्डं चालत नाहीत. मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी प्रवासी विमा काढताना बीपी, शुगर लपवू नये. जुना आजार पॉलिसीत धरला आहे का, आणि पहिली किती रक्कम आपल्याच खिशातून जाणार, हे लेखी विचारून घ्यावं.

आता ज्यांनी कार्डं आणली आहेत त्यांनी पुढं या, अ‍ॅपवर एकेकाचं बघू. आधारला जोडलेला मोबाइल सोबत असू द्या, ओटीपी त्यावरच येतो.