लिओनिद कांतोरोविच : टंचाईची किंमत काढणारा गणितज्ञ
लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत पाहिली. मर्यादित साधनं कुठे किती वापरावीत, हा तिच्यामागचा प्रश्न त्यांच्या आठ वर्षं आधी लेनिनग्राडमधल्या एका तरुण प्राध्यापकाने मांडून सोडवलाही होता. अमेरिकेत कोणाला त्याचा पत्ता नव्हता आणि खुद्द त्याच्या देशातही दखल घेणारे मोजकेच होते. त्या प्राध्यापकाचं नाव लिओनिद कांतोरोविच.

जन्म १९ जानेवारी १९१२ चा, सेंट पीटर्सबर्गचा. चौदाव्या वर्षी ते लेनिनग्राड विद्यापीठात दाखल झाले, अठराव्या वर्षी पदवीधर झाले आणि बाविसाव्या वर्षी प्राध्यापक. तोवर त्यांचं सगळं काम शुद्ध गणितातलं होतं. अर्थशास्त्राकडे त्यांना वळवलं ते प्लायवूडने. १९३८ मध्ये प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतली माणसं एक अडचण घेऊन त्यांच्याकडे आली. ओंडक्यांवरून लाकडाचे पातळ थर सोलणारी यंत्रं अनेक, लाकडाचे प्रकारही अनेक आणि प्रत्येक यंत्राचा वेग लाकडानुसार वेगळा. मग कोणत्या यंत्राला किती वेळ कोणतं लाकूड द्यायचं?

छोटं उदाहरण घेऊन हिशेब करू. नव्या यंत्रावर तासाला ६० बोल्ट होतात किंवा ४० नट. जुन्यावर २० बोल्ट किंवा ३० नट. आपल्याला जोड्या हव्यात. प्रत्येक यंत्राने आपापल्या जोड्या पुऱ्या करायच्या ठरवल्या, तर नवं यंत्र तासाला २४ आणि जुनं १२ जोड्या देतं. एकूण ३६.

आता वाटणी बदलू. जुन्या यंत्रावर तासभर फक्त नट काढू : ३०. नव्यावर ४२ मिनिटं बोल्ट : ४२. उरलेल्या १८ मिनिटांत नट : १२. नटही ४२ झाले. यंत्रं तीच, कामगार तेच, वेळ तोच. जोड्या मात्र ३६ च्या ४२ झाल्या.

दोन यंत्रांत हे कागदावर जमतं. यंत्रं आणि लाकडाचे प्रकार वाढले की वाटण्यांची संख्या इतकी फुगते की एकेक तपासत बसणं अशक्य होतं. इथेच कांतोरोविच यांची खरी प्रतिभा दिसते. त्यांनी प्रत्येक वस्तूला एक गुणक दिला. आपल्या उदाहरणात बोल्टला २ आणि नटला ३ हे गुणक द्या. जुन्या यंत्रावर तासाभराचे बोल्ट ४० चे होतात आणि नट ९० चे. म्हणजे तिथे नटच करायचे. नव्यावर दोन्ही कामं १२० चीच होतात. म्हणून तिथे दोन्ही चालतील. बरोबर गुणक सापडले की कोणतं काम कुठे द्यायचं हे लगेच कळतं. शिवाय यंत्राच्या एका तासाचं मोलही हाती येतं : नव्याचं १२०, जुन्याचं ९०. बेरीज २१०. ४२ जोड्यांचं, प्रत्येकी ५ प्रमाणे, मोलही २१०. हिशेब दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळतो. आज व्यवस्थापनाचे विद्यार्थी ज्याला शॅडो प्राइस म्हणतात, ती हीच.

१९३९ मध्ये उत्पादनाच्या नियोजनावरची त्यांची पुस्तिका लेनिनग्राड विद्यापीठाने छापली. पुढे युद्ध आलं. वेढा पडलेल्या लेनिनग्राडला गोठलेल्या लादोगा सरोवरावरून रसद जाई, तेव्हा बर्फाची जाडी आणि तापमान पाहून दोन ट्रकांत किती अंतर ठेवावं, याचं गणितही त्यांनी मांडलं. १९४२ मध्ये संपूर्ण अर्थव्यवस्थेला ही पद्धत लावणाऱ्या ग्रंथाचा मसुदा तयार झाला. तो छापून यायला १९५९ उजाडलं.

सतरा वर्षं का लागली? सोव्हिएत संघाच्या अधिकृत सिद्धान्तानुसार वस्तूचं मूल्य तिच्यात खर्ची पडलेल्या श्रमातून ठरत होतं. कांतोरोविच यांच्या गणितात यंत्राच्या तासाला, जमिनीला, दुर्मीळ कच्च्या मालालाही किंमत येत होती. नियोजनकर्त्यांना त्यात भांडवली अर्थशास्त्राचा वास आला. स्टालिनच्या काळात असा शिक्का बसणं जिवावर बेतू शकत होतं. कांतोरोविच गणितात काम करत राहिले, त्यासाठी १९४९ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिकही मिळालं; पण आपला आर्थिक विचार त्यांनी सोडला नाही.

दिवस पालटले. १९६० मध्ये ते सायबेरियात नोवोसिबिर्स्कला गेले. त्याच वर्षी त्यांची जुनी पुस्तिका इंग्रजीत आली आणि जगाला तिचं महत्त्व कळलं. १९६५ मध्ये लेनिन पारितोषिक आणि १९७५ मध्ये त्यालिंग कूपमन्स यांच्यासोबत नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले ते एकमेव सोव्हिएत नागरिक. १९८६ मध्ये मॉस्को इथे त्यांचं निधन झालं.

कांतोरोविच समाजवादाचे विरोधक नव्हते. नियोजन अधिक चांगलं व्हावं, हीच त्यांची तळमळ होती. त्यांनी दाखवून दिलं की साधनं तुटपुंजी असली की त्यांना किंमत असतेच. बाजार बंद केला म्हणून ती नाहीशी होत नाही. पाणी असो, वीज असो की डॉक्टरांचा वेळ, सार्वजनिक वाटपाचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी मांडायला हवा. तो टाळला, तर नासाडीची किंमत शेवटी लोकांनाच मोजावी लागते.

पुढील लेखांकात : जहाजांच्या वाहतुकीतून हाच सिद्धान्त गाठणारे कूपमन्स.