दृष्टि आणि धीर

मुलाला पहिला चष्मा लागला, कीं त्याच्या मागोमाग घरांत सल्ल्यांची रीघ लागते. कोणी म्हणतें, रोज गाजर खाऊं घाला; कोणी म्हणतें, पहांटे दंवाच्या हिरवळीवर अनवाणी चालवा; आणि एखादा शेजारी आत्मविश्वासानें सांगतो, कीं चष्मा लावूंच नका, त्यानें डोळे आळशी होतात, त्यापेक्षां डोळ्यांना व्यायाम द्या. नैसर्गिक उपायांनीं दृष्टि सुधारावी, ही इच्छा कांहीं गैर नव्हे. परंतु धीर कोठें धरावयाचा आणि विलंब कोठें टाळावयाचा, हा विवेक सुटला, तर त्याची किंमत मुलाच्या डोळ्याला द्यावी लागते.

नेत्रव्यायामाच्या कल्पनेला जगभर प्रसिद्धि मिळाली ती न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम होरेशियो बेट्स ह्यांच्या १९२० सालच्या ग्रंथामुळें. दृष्टिदोषाचें मूळ ताणांत आहे, आणि डोळ्याभोंवतींचे स्नायु सैल झाले कीं दोष आपोआप जातो, असा त्यांचा सिद्धान्त होता. पुढें १९४२ सालीं आल्डस हक्सले ह्या प्रसिद्ध इंग्रज साहित्यिकानें ह्याच पद्धतीच्या पुरस्कारार्थ एक पुस्तक लिहिलें. परंतु टॉमस यंग ह्यांनीं १८०१ सालींच दाखवून दिलें होतें, कीं जवळचें व दूरचें पाहतांना जो बदल होतो तो डोळ्याच्या आंतील भिंगांत होतो. बाहेरच्या स्नायूंचें तें काम नव्हे. बेट्स ह्यांच्या सिद्धान्ताचा पायाच येथें ढांसळतो.

ऱ्हस्वदृष्टि, म्हणजे जवळचें दिसणें व दूरचें न दिसणें, हा दोष बहुधा डोळ्याच्या लांबीचा असतो. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागें सुमारें २४ मिलिमीटर असतो. ही लांबी एका मिलिमीटरनें जरी वाढली, तरी प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि सुमारें अडीच ते तीन नंबरांचा चष्मा लागतो. एकदां लांबलेला डोळा व्यायामानें आंखूड होत नाहीं. मग कित्येकांना व्यायामानंतर फळ्यावरचीं अक्षरें अधिक स्पष्ट दिसतात, तें कसें? डोळे किलकिले केल्यानें, अश्रूंचा थर क्षणभर अनुकूल झाल्यानें, किंवा अंधुक अक्षरें ओळखण्याची मेंदूला संवय झाल्यानें तसें घडतें. अनुभव खरा असतो. चष्म्याचा नंबर मात्र तोच राहतो.

चष्म्यानें डोळा बिघडतो, हा समजहि असाच निराधार आहे. मलेशियांत मुलांना मुद्दाम कमी नंबरचे चष्मे देऊन एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या मुलांची ऱ्हस्वदृष्टि मंदावली नाहीं. उलट योग्य नंबर लावणाऱ्यांपेक्षां अधिक वाढली.

तर मग धीरानें साधतें असें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. पहिली गोष्ट उघड्यावरच्या उजेडाची. चीनमधील ग्वांगझौ शहरांत १२ शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनीं रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनंतर, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें, इतर शाळांत शेंकडा ३९.५ मुलांना नव्यानें ऱ्हस्वदृष्टि आली होती, तर ह्या शाळांत शेंकडा ३०.४ मुलांना. तैवानमध्यें २०१० सालापासून मुलांनीं रोज दोन तास बाहेर घालवावेत, अशी मोहीमच सुरू झाली. दिवसा बाहेरचा उजेड घरांतल्या उजेडाच्या कित्येक पट प्रखर असतो, आणि त्यायोगें दृष्टिपटलांत स्रवणारें डोपामीन हें द्रव्य डोळ्याच्या वाढीला आळा घालीत असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. मात्र हा उपाय चष्मा लागण्यापूर्वींचा होय. लागलेला चष्मा त्यानें सुटत नाहीं. शाळा आणि शिकवणी ह्यांच्यामध्यें सांपडलेल्या मुलाचा खेळाचा तास म्हणूनच चैनीचा समजूं नये.

दुसरी गोष्ट आळशी डोळ्याची. बालपणीं एक डोळा तिरळा असला, अथवा दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत बरेंच अंतर असलें, तर मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करूं लागतो. चांगला डोळा सर्व काम निभावून नेत असल्यामुळें मूल तक्रार करीत नाहीं, आणि घरांत कोणाला पत्ताहि लागत नाहीं. ह्यावर चांगला डोळा झांकून दुसऱ्याला कामास लावावें, हा उपाय फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ ह्यांनीं १७४३ सालींच सुचविला होता. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत असें आढळलें, कीं सात वर्षांखालील मुलांत दोष मध्यम असेल, तर रोज दोन तास पट्टी बांधल्यानें चार महिन्यांत जो गुण येतो, तो सहा तास बांधल्याइतकाच असतो. आवश्यक असल्यास योग्य चष्मा, आणि त्यासह रोज दोन तासांची पट्टी. मूल रडतें, पट्टी ओढतें, आणि आईला तितक्याच चिकाटीनें ती पुन्हा बांधावी लागते. परंतु सातव्या-आठव्या वर्षानंतर ह्या उपायाचा गुण ओसरत जातो. म्हणून शाळेंत घालण्यापूर्वीं प्रत्येक मुलाचा एकेक डोळा स्वतंत्रपणें तपासून घ्यावा.

तिसरी गोष्ट मोठ्यांची. एरवीं मिनिटाला सुमारें पंधरा वेळां लवणारी पापणी मोबाईलकडे टक लावली असतां बरीच कमी लवते; डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. दर वीस मिनिटांनीं नजर दूरच्या झाडावर नेणें, पापण्या जाणूनबुजून मिटणें, ह्या लहान संवयींनीं शीण निश्चित कमी होतो. चाळिशी मात्र त्यानें टळत नाहीं. वयानुसार भिंगच ताठर होत जातें. गाजर, शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा ह्यांतून मिळणारें अ जीवनसत्त्व रातांधळेपणापासून राखतें; पण तें शरीरांत पुरेसें असल्यावर अधिक गाजरें खाऊन नंबर उतरत नाहीं.

कांहीं ठिकाणीं धीर हाच शत्रु ठरतो. उगवत्या सूर्याकडे टक लावून बसण्यानें दृष्टिपटल कायमचें भाजूं शकतें. काचबिंदूनें गेलेली नजर परत येत नाहीं, आणि तो बहुधा वेदनेवांचून येतो. मधुमेह्याच्या डोळ्याचेंहि तसेंच. अशा वेळीं सहा महिने व्यायाम करून पाहणें म्हणजे सहा महिने गमावणें होय.

तात्पर्य, निसर्ग डोळ्याला साहाय्य करतो, पण आपल्या वेळापत्रकानें. मुलाच्या नाकावर चष्मा असावा, आणि तो लावूनच त्यानें रोज अंगणांत खेळावें. ह्या दोहोंत विरोध मुळींच नाहीं.